कृपेआधीची पाटी

मंगळवार, १२ ऑक्टोबर १९७१

वर्ग सुरू झाला एकदाचा. शाळा बंद पडून तीन वर्षं झाली. गावात मुलंच उरली नाहीत तर शाळा कुणासाठी? नगराध्यक्षांनी किल्ली हातात ठेवली आणि म्हणाले, "मास्तर, थंडी येतेय, लोकांना बसल्याबसल्या काहीतरी उद्योग द्या." म्हणजे तीस वर्षांची चित्रकला ह्या मोंतेसोर्दो गावात शेगडीच्या शेजारी नेऊन बसवली. असो.

विद्यार्थी तीन. पोस्टातून निवृत्त झालेली इओलेमावशी, ऐंशीच्या घरातली. मला उघडानागडा खेळताना पाहिलेली, म्हणून अजून अरेतुरे करते. सेत्तिमिओ न्हावी, त्याला फक्त आपलं मेलेलं खेचर काढायचंय, बाकी जगाशी देणंघेणं नाही. आणि दोमितिल्लाबाई, माझ्या समोरच्या घरातल्या रुग्जेरोची बायको. पंचेचाळिशीच्या असाव्यात. ह्यांच्याकडून काही होईल असं पहिल्याच दिवशी वाटलं. हात अर्थात कच्चा आहे.

इओलेमावशीनं सुरईला दोन कान काढले, दोन्ही एकाच बाजूला. मी ब्रश घेऊन नीट करून दिले. तर म्हणते, "अरे कोर्रादो, मग मी कशाला चढ चढून येऊ? घरी बसते, तूच काढून आणून दे." सेत्तिमिओ खिदळला. खिदळू दे. चूक दिसली की माझे हात शिवशिवतात, त्याला मी काय करणार? तोरिनोच्या कलाशाळेतली पोरंही ह्यावरूनच कुरकुरायची. तिथली नोकरी तीन वर्षांपूर्वी मी माझ्या मनानं सोडली, हे इथे लिहून ठेवतो, कारण गावात भलतंच बोललं जातं.

शुक्रवार, १५ ऑक्टोबर

दोमितिल्लाबाईंनी आज नवऱ्याचा हात काढून आणला, घरून, आठवणीनं. बोटं पाच की सहा कळू नये इतका गोंधळ, अंगठा बटाट्यासारखा. पण काय सांगू, हात जिवंत होता. आत्ता उठेल आणि टेबलावर थाप मारेल असा.  मग मी अंगठा जागेवर आणला, मनगट बारीक केलं, नखांवर उजेड टाकला. त्या बघत राहिल्या.

"सुंदर झाला, मास्तर," त्या म्हणाल्या. "पण हा हात कुणाचा?"

न्यायला रुग्जेरो आला. ट्रॅक्टर दाराशी, आणि चिखलाचे बूट थेट आत. "काय मास्तर, दुपारभर बायको पळवलीत माझी! आता संध्याकाळी ताटात मक्याची पोलेंताही निळी वाढणार वाटतं!" ह्यात हसण्यासारखं काय आहे? पण त्या पोट धरून हसल्या. भिंतीवर मी दरीचं मोठं चित्र टांगलंय, त्याच्यासमोर तो मान वाकडी करून उभा राहिला. "आणि माझं ऑलिव्हचं शेत कुठाय ह्यात?" मी म्हणालो, रचनेत बसत नव्हतं. तो म्हणाला, "बसत नव्हतं? मास्तर, आजोबांच्या वेळेपासून तिथेच बसलंय ते!"

असल्या बाईला असला नवरा. जोड्या वर ठरतात म्हणे. त्या दिवशी वरच्याचं लक्ष नसावं. जाताना त्यानं शेगडीसाठी लाकडाची मोळी टाकली. मी मागितली नव्हती.

रविवार, ३१ ऑक्टोबर

समोर बसायला कुणी नसलं की सराव तुटतो. म्हणून दोमितिल्लाचा चेहरा आठवणीनं काढला. तीळ डाव्या कानामागे की उजव्या, ह्यात अर्धा दिवस गेला. बहुतेक डाव्या. मंगळवारी बघून घेतो. निव्वळ अभ्यास म्हणून.

शुक्रवार, ५ नोव्हेंबर

डाव्या.

वर्गात चेस्टनट भाजले. ऑलिव्हची तोडणी सुरू झाली, तरी ती आली. नवं तेल आणलं होतं बाटलीत. पावाला लावून खाल्लं, घशाला झोंबलं. वर्षातून ह्याच दिवसांत असं झोंबतं. मी म्हणालो, रुग्जेरोनं तुम्हाला तोडणीतून सोडलं कसं? ती म्हणाली, "त्यानंच हाकललं. म्हणाला, जा, शीक, म्हातारपणी कुणीतरी माझा फोटो काढायला हवा, कॅमेरा महाग पडतो." आणि पुन्हा हसली. नवऱ्याचं नाव निघालं की ही बाई का हसते कोण जाणे.

मंगळवार, ९ नोव्हेंबर

काल दुपारी रुग्जेरोचा ट्रॅक्टर उलटला. ऑलिव्हनं भरलेली गाडी मागे जोडून खालच्या उतरणीवरून येत होता, ओल्या मातीत चाक घसरलं. घंटा वाजली तेव्हा मी रंग कालवत होतो. सगळं गाव खाली धावलं, मीही गेलो. दहाबारा जणांनी मिळून यंत्र उचललं. मी कडेला उभा होतो. माझी पाठ अधू आहे. त्याला काम्पोबास्सोच्या इस्पितळात नेलं. डोकं आणि छाती. शुद्ध नाही. डॉक्टर काही बोलत नाहीत.

इस्पितळाच्या गाडीत चढताना दोमितिल्लाच्या पायांत दोन वेगळे बूट होते. एक तिचा, एक त्याचा.

फार वाईट वाटलं. वाटायलाच हवं.

कालवलेला रंग फुकट गेला.

मंगळवार, १६ नोव्हेंबर

आज ती वर्गात आली. आम्ही तिघं नुसते उभेच राहिलो. काखेत फळी होती, पॉपलरच्या लाकडाची, सासूच्या कणीक मळायच्या जुन्या काथवटीची. ती टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मास्तर, मला नवसाची पाटी काढायला शिकवा."

इओलेमावशीनं लगेच छातीवर क्रूस काढला. "अगं बाई, तो शुद्धीवर आला?"

"नाही."

"मग पाटी कसली? झऱ्याच्या माउलीला नवस बोलायचा आधी, आणि पाटी द्यायची कृपा झाल्यावर. आधीच काढलीस तर माउली म्हणेल, अरे वा, माझं काम झालंय की, मी निघते!"

"मी टांगणार कुठे आहे, मावशी? काढून ठेवीन. 'कृपा झाली' हे शब्द नाही घालणार, तारीखही नाही. तेवढी जागा कोरी."

"कोरी जागा म्हणजे माउलीला नोटीसच की," सेत्तिमिओ पुटपुटला. मावशीनं त्याला कोपर मारलं.

"दिवसभर त्याच्या खाटेशी बसते मी," दोमितिल्ला म्हणाली. "हाताला काही नसलं तर वेड लागेल."

फादर एजिदिओंना विचारलं, तर ते खांदे उडवून म्हणाले, "पुस्तकात मनाई नाही. पण माझ्या आईनं काढू दिली नसती." आता बोला! माणूस चंद्रावर जाऊन आला, आणि हे लोक पाटी आधी की कृपा आधी ह्यावर भांडतायत. मी तिची बाजू घेतली. स्पष्ट सांगितलं, माझ्या वर्गात खुळचटपणा चालणार नाही. तिनं माझ्याकडे इतक्या आभारानं पाहिलं की मला उठून शेगडीतलं लाकूड हलवावं लागलं.

ती आता रोज येणार, इस्पितळाच्या बसच्या आधी. मी म्हणालो, माझ्याच घरी या, तिथे उजेड चांगला आहे.

शुक्रवार, १९ नोव्हेंबर

नमुने पाहायला आम्ही सगळे झऱ्याच्या देवळात गेलो. भिंतभर पाट्या. विहिरीत पडलेली मुलगी, बैलानं उचललेला माणूस, शिडी, वीज, बाळंतपण, अलीकडच्या काळातल्या दोन मोटारी. वर कोपऱ्यात ढगावर माउली, खाली संकट. चित्रकार सगळे अडाणी. कुणालाच खोली दाखवता येत नाही. सेत्तिमिओनं एक गोष्ट दाखवली: जो वाचला त्याचे डोळे टक्क उघडे, मग तो विहिरीत डोकं खाली असेना का. एका पाटीवर दोन भाऊ आहेत, झाडाखाली वीज पडलेली. एकाचे उघडे, एकाचे मिटलेले. "मिटलेला माझा पणजोबा," सेत्तिमिओ म्हणाला. लोकरूढी म्हणून नोंद करून ठेवतो.

दोमितिल्ला त्या दोन भावांसमोरून हलेना.

मंगळवार, २३ नोव्हेंबर

काम चाललंय. मी तिला अंड्याच्या बलकात रंग कालवायला शिकवलं. हा रंग लगेच सुकतो, पुसता येत नाही, म्हणून विचार करून लावायचा, हे बजावलं. तिचा ट्रॅक्टर म्हणजे लाल शेळी पाय वर करून पडल्यासारखी. खाली रुग्जेरो. काय म्हणावं ह्याला! अंगावर यंत्र आहे आणि हा गवतात दुपारची डुलकी संपवून उठत असल्यासारखा, हात जोडलेले, डोळे बशीएवढे, आणि ओठांच्या कोपऱ्यात चक्क हसू. मी म्हणालो, "बाई, असा कुणी हसतो का मरताना?"

ती पटकन म्हणाली, "तो मरत नाहीये."

 हात फार शिवशिवत होते. तिच्या कपाळावर बट येते ती ती मनगटानं मागे सारते, तेव्हा रंग लागतो. आज गालाला लाल लागला होता. मी सांगितलं नाही.

निघताना म्हणाली, काल तिनं त्याच्या तळव्यावर बोट ठेवलं तर बोटं जराशी मिटली. डॉक्टर म्हणाले, आपोआप होतं तसं. मीही तेच म्हणालो. उगाच खोटी आशा लावणं बरं नव्हे.

शनिवार, २७ नोव्हेंबर

काल ती पाटी माझ्याकडेच ठेवून बसला गेली. चित्र तिच्या मते पूर्ण.

ते दिवसभर माझ्यासमोर. जेवताना समोर, कॉफी पिताना समोर. किती वेळ एखाद्यानं बघायचं? एवढं अवजड यंत्र छातीवर असलेल्या माणसाची मान अशी सरळ राहत नाही. राहूच शकत नाही. मी फक्त मान घेतली. मान वळली तर खांदा बदलतो. खांदा बदलला तर हात जोडलेले राहत नाहीत, एक बाजूला पडतो. मग कातडीखालचा रंग: आधी थोडा हिरव्या मातीचा, वर फिका गुलाबी, नाकपुडीशी राखाडी. आणि त्या कोनात पापण्या खाली येतातच, ह्याला इलाज नाही, शरीरशास्त्र आहे. दुपारचा उजेड जाईपर्यंत मान वर केली नाही.

खरं सांगतो, दहा वर्षांत माझ्या हातून इतकं खरं काही उतरलं नव्हतं. हात एकदाही थरथरला नाही. मन इतकं हलकं झालं की एकट्यानं अर्धी बाटली वाइन संपवली. ती बघेल तेव्हा तिला कळेल मी काय चीज आहे. गाव मला सुरया सुधारणारा म्हातारा समजतं.

रविवार, २८ नोव्हेंबर

देवळातली मिसा सुटल्यावर आली. मी पाटी उजेडाकडे वळवून ठेवली होती, बाजूला उभा राहिलो. मला वाटलं, रडेल. रडली नाही.

"डोळे का मिटलेत?" तिनं विचारलं.

मी समजावून सांगितलं. मान, भार, खांदा. बोलताना मला माझाच आवाज वर्गातल्यासारखा ऐकू येत होता. ती ऐकत होती असं वाटलं. मग म्हणाली, "मी उघडे काढले होते."

"ते चूक होतं, दोमितिल्ला."

"उघडे होते. मी काढले होते. तो हसत होता." मग एकदम माझी बाही धरली. "पुसा. मास्तर, आत्ताच्या आत्ता पुसा."

मी म्हणालो, हा रंग पुसत नाही, तुम्हाला सांगितलं होतं. खालचं आता परत येणार नाही. तिनं बाही सोडली.

"मारलंत तुम्ही त्याला," ती म्हणाली. आवाज चढला नाही, काही नाही. दाराशी जाऊन एवढंच म्हणाली, "ते बिचारं यंत्र होतं. तुम्ही तर माणूस आहात."

एवढं काय झालं? रंग आहे तो. फळीवरचा रंग.

मंगळवार, ३० नोव्हेंबर

वर्गाला कुणी नाही. शेवटी सेत्तिमिओ आला, खेचर घेऊन, म्हणजे कागदावरचं. रुग्जेरोला रविवारी संध्याकाळपासून ताप भरलाय, फुप्फुसात पाणी झालंय. पाटी त्याच दिवशी उघड झाली, ह्याचा लोकांनी काय अर्थ लावायचा तो लावला. सकाळी भट्टीवर गेलो तर पाव संपले म्हणाले. मागे टोपलीभर दिसत होते.

मी सेत्तिमिओला म्हणालो, ह्या डोळ्यांच्या भानगडीबद्दल मला कुणी बोललं का? परक्यासारखा वागवता, मग वर दोष देता! त्यानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. 

त्याच्या खेचराचा मागचा पाय चुकला होता. मी ब्रश उचलला तर त्यानं कागद छातीशी धरला. "राहू द्या मास्तर. माझं खेचर एकदा मेलंय. पुरे."

रविवार, ५ डिसेंबर

झोप नाही. ताप उतरत नाही म्हणतात. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही, पण समजा डोळे उघडून दिले तर कुणाचं काय बिघडतं? तिच्या मनाला बरं वाटेल. पात्यानं पापण्या हळूहळू खरवडल्या. बुबुळं काढायला घेतली आणि अडलो. रुग्जेरोचे डोळे कोणत्या रंगाचे?

आठवेना. तो येऊन समोर उभा राहायचा, मोळी टाकायचा, बडबडायचा, आणि मला त्याचे फक्त बूट आठवतात. तपकिरी लावून बघितले. कुणाचे तरी झाले. काळे लावले, त्याहून वाईट. पुन्हा खरवडलं, पुन्हा लावलं. शेवटी डोळ्यांच्या जागी लाकूडच लागलं. आता तो मिटलेलाही नाही, उघडाही नाही.

इओलेमावशीकडे गेलो. ती मसूर निवडत होती. विचारलं. तिनं चष्मा काढला.

"कोर्रादो, तीन वर्षं तुझ्या खिडकीखालून जातोय तो माणूस."

"मला लक्षात राहत नाहीत रंग."

"तुला?" ती म्हणाली. मग ताटात बघत, "आणि तिच्या डोळ्यांचा?"

मी सांगितलं. मधासारखे, उजव्यात एक हिरवी कड. तोंडातून निघून गेल्यावर मावशी मसूर निवडत राहिली. ह्या बाईला सगळ्यांच्या घरची पत्रं वाटून वाटून नसती उठाठेव करायची खोड लागलीय. चित्रकाराचं लक्ष असतं, एवढंच.

शुक्रवार, १० डिसेंबर

सकाळच्या बसनं काम्पोबास्सोला गेलो. काय करायला जातोय हे बसमधल्या कुणाला सांगता आलं नसतं. मलाही धड माहीत नव्हतं. डोळे बघायला, म्हणून निघालो होतो.

तो खाटेत लहान दिसत होता. दाढी वाढलेली, नळ्या, श्वासाला खरखर. दोमितिल्ला उशाशी. माझ्याकडे बघून उठली नाही, हाकललंही नाही. मी भिंतीशी टेकून राहिलो. डॉक्टर आले, बॅटरी काढली, एक पापणी वर केली. मी पुढे वाकलो. राखाडी. फिकट राखाडी, आत तपकिरी शिंतोडे. पावसाच्या आधी आमचा डोंगर असतो तसा रंग. इतका सुंदर डोळा इतकी वर्षं माझ्यासमोर होता.

"काय बघताय, मास्तर?"

"रंग," मी म्हणालो. "मी उघडून देतो, दोमितिल्ला. आता मला माहीत झालाय."

"तुम्ही आता काही उघडू नका नि काही मिटू नका." तिचे ओठ पांढरे पडले होते. "पाटी कुठाय?"

सांगावं लागलं. खरवडली, लाकूड लागलं, सगळं.

"लाकूड द्या परत. माझ्या सासूचं आहे."

मी जिन्यापर्यंत गेलो आणि परत आलो. दाराशी उभं राहून विचारलं, माझ्यासारखं काही काम असेल तर. ती त्याचे ओठ ओल्या फडक्यानं पुसत होती. म्हणाली, "आहे ना. जा."

संध्याकाळी फळी तिच्या उंबऱ्यावर ठेवून आलो.

बुधवार, १५ डिसेंबर

काल रुग्जेरो शुद्धीवर आला. ताप परवाच उतरला होता. डोळे उघडून पहिला प्रश्न, "ट्रॅक्टर फुटला का?" दुसरा, "तेल काढलं का?" भट्टीपाशी सगळे हेच एकमेकांना सांगून हसत होते, रडत होते, सेत्तिमिओ तर रस्त्यातच नाचला. मला बघून थांबले. मग कुणीतरी मला पाव दिला.

आनंद झाला. व्हायलाच हवा. घरी आलो आणि बूट न काढता अंधार पडेस्तोवर खुर्चीत बसून राहिलो. कसला थकवा आहे कळत नाही. काल-आज काही खाल्लंही नाही.

तिचे चेहरे काढलेले कागद आवरायला घेतले. इतके झाले होते? टेबलभर. एकाही कागदावर ती हसत नाहीये. मी कधी हसताना काढलीच नाही तिला.

शुक्रवार, ७ जानेवारी १९७२

वर्ग नावालाच. इओलेमावशी येते ती मला बघायला येते असा संशय आहे, सूप आणते. दोमितिल्लाबाई येत नाहीत. मावशी म्हणाली, त्या घरी स्वयंपाकघरात पाटी काढतायत, त्याच फळीवर, मागच्या बाजूनं. मी म्हणालो, "कुणी शिकवतंय का?" मावशी म्हणाली, "देव करो, कुणी न शिकवो."

रुग्जेरोला पुढच्या आठवड्यात सोडणार. डावा पाय फरफटणार म्हणतात.

आज मावशीनं पुन्हा सुरई काढली. दोन्ही कान पुन्हा एका बाजूला. मी हात मागे बांधून उभा राहिलो. फार कठीण जातं.

बुधवार, २ फेब्रुवारी

मेणबत्त्यांचा सण. झऱ्याच्या देवळात आज पाटी टांगायची होती. न जावं असं ठरवलं होतं, पण सकाळी सेत्तिमिओ आला, न बोलता माझी दाढी करून दिली आणि कोट पुढे धरला. गेलो.

गर्दी होती. फादर एजिदिओंनी मेणबत्त्यांना आशीर्वाद दिला, मग रुग्जेरो काठी टेकत पुढे झाला आणि त्यानंच खिळा ठोकला. दोन वेळा बोटावर मारून घेतलं, देवळातच एक शिवी हासडली, फादरनी ऐकलं नाही असं दाखवलं. मग लोक एकेक करून बघायला पुढे जाऊ लागले. बघायचे, आणि वळून माझ्याकडे बघायचे. माझा नंबर आला.

वर ढगावर माउली, कमरेवर हात, उशीर झाल्याबद्दल कुणाला तरी रागावत असल्यासारखी. खाली 'कृपा झाली' आणि तारीख. मधे रुग्जेरो, आडवा, डोळे बशीएवढे. राखाडी. त्याच्या एका बाजूला पाय वर केलेला लाल ट्रॅक्टर. दुसऱ्या बाजूला, ट्रॅक्टरएवढ्याच उंचीचा, एक माणूस. काळा कोट, गळ्यात मफलर, नाक भलतंच लांब. हातात ब्रश, रुग्जेरोच्या तोंडावर रोखलेला.

मागे एक म्हातारी नातीला दाखवत होती, "ह्या पाटीत संकटं दोन आहेत बघ. हे एक नि ते एक."

कान तापले. वाटलं, हा अपमान आहे, मी ह्यांना शिकवायला आलो आणि ह्यांनी मला भिंतीवर टांगलं, बैल नि विजेच्या रांगेत, शेदोनशे वर्षांसाठी. बाहेर पायऱ्यांवर दोमितिल्लाबाई उभ्या होत्या, हातात विझलेली मेणबत्ती. मी सरळ जाऊन विचारलं, मला का काढलंत?

"पाटीवर काय काढायचं असतं, मास्तर? ज्यातून वाचलो ते." आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "तुम्हीच म्हणायचात ना, जे खरं आहे ते काढा."

"बाई, मी त्याचं वाईट नव्हतं चिंतलं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मधाच्या रंगाचे डोळे, उजव्यात हिरवी कड. "ट्रॅक्टरनं तरी कुठे चिंतलं होतं?"

उत्तर ओठावर आलं होतं: ट्रॅक्टरला मन नसतं. ते म्हटलं असतं तर माझ्या मनात होतं ते सगळं तिथेच कबूल झालं असतं. मला स्वतःला ते तेव्हा, त्या पायरीवर, पहिल्यांदा ऐकू आलं.  कठड्याला धरलं.

रुग्जेरो काठी आपटत मागून आला, माझ्या पाठीवर थाप मारली. "अहो मास्तर, तोंड काय पाडलंय? ट्रॅक्टरपेक्षा तुम्हीच बरे दिसताय की पाटीवर! चला आमच्याकडे जेवायला, कोकरू भाजलंय. ब्रश तेवढा घरी ठेवून या!"

सगळे हसले. त्याही हसल्या. नवऱ्याकडे बघून हसल्या, आणि ह्या खेपेला का हसतात ते मला कळलं.

आता दुपार झाली. समोरच्या घरातून कोकराचा वास येतोय, आणि मधूनमधून रुग्जेरो खिडकीतून माझ्या नावानं हाका मारतोय. भला माणूस आहे. मी जाणार नाही. त्याच्या ताटाला ताट लावून बसायचं तोंड मला उरलेलं नाही.